कुजबुजे समोर येऊन बसले

चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत एक टेबल आहे आणि तीन खुर्च्या. भिंतीवर घड्याळ होतं, ते काढून ठेवलंय, कारण मुलाखतीची तयारी करायला येणारे उमेदवार बोलता बोलता त्याच्याकडेच बघत बसायचे. दोन खुर्च्या टेबलाच्या दोन बाजूंना, समोरासमोर. तिसरी मात्र गेल्या वर्षापर्यंत भलत्याच जागी असायची. उमेदवाराच्या पाठीमागे, जरा डावीकडे, हलक्या आवाजात बोललं तरी ऐकू जाईल इतकी जवळ. समोरची खुर्ची रिकामी राहायची आणि शिकवणारा माणूस या मागच्या खुर्चीत बसायचा.

त्या माणसाला सगळे कुजबुजे म्हणतात. ते काही त्यांचं आडनाव नाही. खरं आडनाव विजेच्या बिलावर असतं आणि ते वाचायची वेळ मीटरवाल्याशिवाय कोणावर येत नाही. कुजबुजे हे नाव नाटक कंपनीतल्या मंडळींनी ठेवलं. वीसेक वर्षं ते तिथे प्रॉम्प्टर होते. विंगेत एका स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची प्रत ठेवायची आणि एखाद्या नटाचं वाक्य हरवलं की ते प्रेक्षकांना ऐकू न जाता त्याच्यापर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. इतक्या वर्षांत ते एकदाही रंगमंचावर गेले नाहीत, शेवटच्या नमस्कारालाही नाही.

"मी वाक्य दिलं हे नटालाही कळता कामा नये," असं ते सांगतात. "त्याला वाटलं पाहिजे, आपल्यालाच आठवलं."

पुढे नटांच्या कानात बसणारी छोटी यंत्रं आली. विंगेतल्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन एक मुलगी बसू लागली. कुजबुज्यांना कोणी काढलं नाही, फक्त बोलावणं बंद झालं. त्याच सुमारास कंपनीतल्या प्रकाशयोजनावाल्याच्या मुलीला बिझनेस स्कूलच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. लेखी परीक्षा तिने झोकात दिली होती, पण चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की तिची बोबडी वळायची. प्रकाशयोजनावाला म्हणाला, "कुजबुजे, तुम्ही हिची वाक्यं पाठ करून घ्या. नाहीतरी रिकामेच आहात." त्यांनी करून घेतली. मुलीला प्रवेश मिळाला. तिने मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने ऑफिसातल्या दोघांना सांगितलं आणि कुजबुज्यांचं दुकान लागलं.

"धंद्यातलं मला ओ की ठो कळत नाही," हे ते प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकत. "पण तुला जे बोलायचंय ते तू विसरणार नाहीस, ही जबाबदारी माझी."

पद्धत साधी होती. सुरुवातीला ते नुसतं ऐकत. तुम्ही कोण, काय काम करता, आमच्याच स्कूलमध्ये का यायचं, तुमचं सगळ्यात मोठं अपयश कोणतं. मुलाखतीत हमखास येणारे हे प्रश्न. उमेदवार जे काही धडपडत बोलेल त्यातून ते एक संहिता तयार करत. शब्द उमेदवाराचेच, फक्त रांगेत लावलेले. मग तालमी. उमेदवार रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलायचा आणि अडखळला की मागून, डाव्या कानाशी, पुढचा शब्द यायचा. इतका बेमालूम, की बहुतेकांना तो बाहेरून आला हे लक्षातही राहत नसे. बरेचजण मुलाखतीत पास झाले. जे नाही झाले त्यांचं नशीब, असं कुजबुजे धरून चालत.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे सख्खी भाची आली आणि गाडी रुळावरून घसरली.

भाची गावाबाहेरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम करते. गोठवलेले वाटाणे, फळं, लोणी, काही औषधं असा माल तिथे येतो आणि कोणता ट्रक कधी, काय घेऊन, कोणत्या रस्त्याने सुटणार हे ती ठरवते. ट्रकवाले तिला 'कंट्रोल' म्हणतात. कामाला लागून बरीच वर्षं झाली होती आणि आता बढती मिळाली तर तीही त्याच खुर्चीत, फक्त खुर्चीला हात असलेली, असं ती स्वतःच सांगायची. तिने बिझनेस स्कूलचा अर्ज भरला, परीक्षा दिली, मुलाखतीचं बोलावणं आलं. मामा घरचाच. तिने संहिता घोटून घोटून पाठ केली.

मुलाखत कॉम्प्युटरवरून होती. घरातल्या आतल्या खोलीत ती दार लावून बसली. पडद्यावर दोघं होते, स्कूलच्या एक प्राध्यापक बाई आणि कुठल्याशा कंपनीतला अधिकारी. पहिले काही प्रश्न मामाने बांधून दिलेल्या उत्तरांनी सहज पार पडले. मग त्या अधिकाऱ्याने विचारलं, "समजा तुमच्या कोल्ड स्टोरेजची वीज गेली आणि लवकर येणार नाही. कोणता माल आधी वाचवाल?"

हा प्रश्न संहितेत नव्हता. याचं उत्तर तिला झोपेतून उठवलं तरी देता आलं असतं, कारण दर उन्हाळ्यात ती हेच करते. पण प्रश्न ऐकून ती क्षणभर थांबली, आणि थांबल्याबरोबर तिची मान आपोआप डावीकडे कलली. ती मागून शब्द येण्याची वाट बघू लागली.

असं दोनदा-तीनदा झालं. तेव्हा प्राध्यापक बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्या डाव्या बाजूला कोणी बसलंय का?"

"नाही, कोणी नाही."

"कॅमेरा जरा फिरवून दाखवाल?"

तिने कॅमेरा फिरवला. कपाट, इस्त्रीचं टेबल, आईची सायकल. कोणीच नव्हतं. बाई 'धन्यवाद' म्हणाल्या, पण तिथून पुढे भाचीचं बोलणं तिचं तिलाच खोटं वाटायला लागलं. थोड्या दिवसांनी नकार आला. तिने फोन करून कारण विचारलं तेव्हा प्रवेश विभागातली व्यक्ती म्हणाली, "उत्तरं चांगली होती. पण ती तुमची वाटली नाहीत." शिवाय हेही सांगितलं की या स्कूलमध्ये एका उमेदवाराला दोनदाच मुलाखत देता येते. म्हणजे पुढच्या वर्षी एकदा, आणि मग दार बंद.

भाचीची आई, म्हणजे कुजबुज्यांची थोरली बहीण, शाळेच्या कॅन्टीनचा कारभार बघते. तिची जीभ कॅन्टीनमधल्या सुरीसारखी आहे, रोज वापरात असलेली. ती त्याच संध्याकाळी जिना चढून वर आली.

"नटांना बोलतं केलंस म्हणे जन्मभर," ती भावाला म्हणाली. "माझी बोलकी पोर तेवढी मुकी करून दिलीस."

"ताई, ती वाक्य विसरली. होतं असं. अजून दोन तालमी झाल्या असत्या तर..."

भाची दारात उभी होती. "मामा, ते वाक्य नव्हतंच," ती म्हणाली. "नव्हतं ते विसरेन कशी?"



दोन दिवस गेले. मग कुजबुज्यांनी एक प्रयोग केला. खालच्या दुकानातल्या चष्मेवाल्या बाई रोज दुपारी त्यांच्याबरोबर चहा घेतात. त्यांना त्यांनी वर बोलावलं आणि औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका उमेदवाराच्या समोरच्या खुर्चीत बसवलं. स्वतः नेहमीसारखे मागे. "तुम्ही फक्त प्रश्न विचारा आणि याच्याकडे बघा," असं त्यांना सांगितलं. तालीम झाली, उमेदवार गेला.

"काय दिसलं?" कुजबुज्यांनी विचारलं.

"जे रोज जिन्यात दिसतं तेच," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "तुमची सगळी मुलं मान वाकडी करून बोलतात. मला वाटायचं नंबर वाढलाय. दोघांना तर मी खाली बसवून डोळे तपासले. नंबर नव्हता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्या नाटकातली काही स्टाइल असेल."

मागच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला उमेदवाराचा चेहरा कधी दिसलाच नव्हता. त्याला दिसायचे खांदे, मानेची मागची बाजू आणि श्वास. नाटकात एवढं पुरतं, कारण तिथे प्रत्येक वाक्य आधी लिहिलेलं असतं आणि कुठे थांबायचं तेही तालमीत ठरलेलं असतं. प्रॉम्प्टर आपल्या प्रतीत त्या थांबण्यावर पेन्सिलीची छोटी रेघ ओढून ठेवतो, म्हणजे तिथे तो गप्प बसतो. बाकी कुठेही शांतता झाली की नट विसरला असं समजायचं. कुजबुज्यांनी हाच नियम जसाच्या तसा वरच्या खोलीत आणला होता. इथे रेघा ओढलेल्या नव्हत्या, त्यामुळे उमेदवार जरा थांबला की ते धावत. त्यांच्या हिशेबी विचार करणारा प्रत्येक माणूस विसरलेलाच होता.

यंदा पुन्हा मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा आईने शहरातल्या एका मोठ्या क्लासचं पत्रक आणून भाचीसमोर टाकलं. भाचीने ते वाचलं आणि मामाकडे गेली.

"क्लासवाले मला नवी सवय लावतील," ती म्हणाली. "ही सवय तू लावलीयस. तूच काढ."

"मला जमेल असं वाटतं तुला?"

"नाही वाटत. पण तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला ती ओळखूच येणार नाही."

तिच्या अटी होत्या. संहिता लिहायची नाही. समोर बसायचं. आणि तिने तोंड उघडल्यावर मामाने उघडायचं नाही. आईची आणखी एक अट होती, ती म्हणजे आई स्वतः. तिसऱ्या खुर्चीत, खिडकीपाशी, भावावर नजर ठेवायला.

पहिल्या बैठकीत कुजबुज्यांनी विचारलं, "तुला बिझनेस स्कूलला का जायचंय?"

भाची थांबली. कुजबुज्यांचे हात मांडीवर वळवळू लागले.

"मामा, ओठ," भाची म्हणाली.

"काय ओठ?"

"हलतायत. मला वाचता येतात. आत्ता तू 'नेतृत्व' म्हणालास."

त्यांनी तोंडावर हात ठेवून बघितला, तर भुवया बोलू लागल्या. पेपरमिंट चघळून बघितली, तर ती मध्येच कडकन फुटली आणि त्यामागून शब्द आला. शेवटी खिडकीपाशी बसलेली ताई म्हणाली, "तोंडात पाणी धर. बोललास तर निदान कळेल तरी, टेबल ओलं होईल."

ती चेष्टा करत होती, पण कुजबुज्यांनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून टेबलावर पाण्याचा तांब्या आला. ते प्रश्न विचारत, घोटभर पाणी तोंडात घेत आणि गाल फुगवून बसून राहत. उत्तर संपलं की गिळत आणि पुढचा प्रश्न विचारत. पहिल्या आठवड्यात टेबल दोनदा ओलं झालं आणि एकदा ताईची साडी.

"चांगली होती रे ही," ताई म्हणाली. "नेसायच्या आधी विचारायला हवं होतं, आज काय विचारणार आहेस म्हणून."

पाण्याचा एक उपयोग असा झाला की करायला काहीच उरलं नाही, तेव्हा कुजबुजे बघू लागले. समोरून, उजेडात, माणसाचा चेहरा. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती त्यांनी खाली जाऊन आधी चष्मेवाल्या बाईंना सांगितली. विसरलेला माणूस तुमच्याकडे बघतो, मदत मागत असल्यासारखा. विचार करणारा माणूस तुमच्यावरून नजर काढून घेतो. खिडकीकडे, टेबलाच्या कडेकडे, कुठेही, पण तुमच्याकडे नाही.

"मग इतकी वर्षं?" बाईंनी विचारलं.

"इतकी वर्षं मला कान दिसत होते," कुजबुजे म्हणाले.

'का जायचंय' हा प्रश्न ते जवळजवळ प्रत्येक बैठकीत विचारत राहिले. आधी भाची गेल्या वर्षीचंच काहीतरी बोलायची. नेतृत्व, दूरदृष्टी, क्षमता. मग तेही संपलं आणि ती नुसती गप्प बसू लागली. ताईला ते सहन व्हायचं नाही. "अगं, काहीतरी बोल, त्याचे गाल दुखतील," ती म्हणायची. एका दुपारी मात्र भाची खिडकीबाहेर बघत इतका वेळ गप्प राहिली, की ताईसुद्धा काही बोलली नाही. मग ती म्हणाली:

"आमच्याकडे मागे ठरलं होतं की ट्रक पहाटेच सोडायचे. रस्ते मोकळे असतात, डिझेल वाचतं. मी साहेबांना सांगितलं, दुकानं इतक्या लवकर उघडत नाहीत. ट्रक शटरपुढे उभे राहतील, गार ठेवायचं मशीन चालूच ठेवावं लागेल, जे वाचलं ते तिथे जाईल. साहेब म्हणाले, बघू. मी तीनदा सांगितलं. तीनदा बघू. मग मुख्य ऑफिसातून एक नवा मुलगा आला, बिझनेस स्कूलमधून शिकून आलेला. त्याने तेच सांगितलं, माझंच. पण एक तक्ता काढून. पहाटेच्या ट्रकना आणि उशिराच्या ट्रकना एकूण खर्च किती, असा. साहेबांनी त्याच बैठकीत निर्णय फिरवला."

कुजबुज्यांनी पाणी गिळलं नाही. ताई मात्र खुर्चीत पुढे सरकली. "आणि हे तू मला सांगितलं नाहीस? कोण तो मुलगा?"

"अगं आई, मुलगा चांगला आहे. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की ही माहिती माझी आहे. मला त्याचा राग नाही आला. मी त्या तक्त्याकडे बघत होते. मला वाटलं, एवढंच होतं होय? हे तर शिकता येतं."

मग कुजबुज्यांनी पाणी गिळलं आणि म्हणाले, "हे गेल्या वर्षी का नाही सांगितलंस?"

"तू थांबलास कुठे?"

त्या दिवशी त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

काम तेवढ्यावर संपलं नव्हतं. मामासमोर सुटलेली सवय अनोळखी माणसासमोर परत येत होती. चष्मेवाल्या बाईंनी आपल्या एका कडक स्वभावाच्या गिऱ्हाइकाला, निवृत्त मुख्याध्यापकांना, परीक्षक म्हणून वर आणलं. त्यांनी पहिलाच प्रश्न आडवा घातला आणि भाचीची मान कलली. डावीकडे कोणीच नव्हतं, नुसती भिंत होती. कुजबुज्यांनी ते समोरून पहिल्यांदाच पाहिलं. नंतर ते ताईला एवढंच म्हणाले, "हे मी केलंय, नाही का?" आणि ताईने, सवय नसताना, टोमणा मारला नाही.

मग भाचीने स्वतःच उपाय शोधला. माल भरला जात असताना कोल्ड स्टोरेजच्या धक्क्यावर ट्रकवाले रिकामे उभे असतात. त्यांना तिने सांगितलं की मला प्रश्न विचारा, काय वाट्टेल ते विचारा. त्यांना एवढंच हवं होतं.

"कंट्रोल, तुम्ही साहेब झालात तर माझ्या रविवारचं काय?"

ती थांबली. समोरच्या ट्रककडे बघत थांबली. "रविवार मिळेल. पण मग शनिवारचा फेरा कोण मारणार, ते तुम्ही सांगायचं."

"हे काय उत्तर झालं? प्रश्न मी विचारला होता."

"मान हलली का माझी?" तिने विचारलं.

"नाही हलली. रविवारही नाही मिळाला."

धक्क्यावर हा खेळच होऊन बसला. मान कलली की सगळा धक्का 'डावीकडे' म्हणून ओरडायचा. महिन्याभरात ओरडायची वेळ कमी होत गेली.

दरम्यान, बँकेतल्या काही हौशी मंडळींनी वार्षिक समारंभाच्या नाटकासाठी कुजबुज्यांना विंगेत बसायला बोलावलं. बऱ्याच दिवसांनी स्टूल, प्रत, पेन्सिल. दुसऱ्या अंकात मुख्य भूमिका करणारे शाखाधिकारी एका वाक्यावर थांबले. कुजबुज्यांना वाटलं, विचार करतायत. ते थांबले. शाखाधिकारी थांबले. प्रेक्षागृह थांबलं. शेवटी बायकोचं काम करणाऱ्या रोखपाल बाईंनी "तुम्हाला पाणी आणू का?" असं नाटकात नसलेलं वाक्य टाकून वेळ मारून नेली. पडदा पडल्यावर शाखाधिकाऱ्यांनी कुजबुज्यांना चांगलंच झापलं.

हे सगळं त्यांनी ताईच्या घरी जेवताना सांगितलं, आणि सांगताना ते खुशीत होते.

"म्हणजे आता नाटकातही तुझा काही उपयोग नाही," ताई म्हणाली.

"काडीचा नाही," ते म्हणाले.

"माझ्या पोरीचं झालं नाही ना, तर तुला कॅन्टीनमध्ये कांदे चिरायला बसवेन."

"चालेल. तिथे बोलावं लागत नाही."

भाची हसली नाही. मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती.

मुलाखतीच्या दिवशी ताईने सुट्टी घेतली आणि भावाला बजावलं की आज या घराच्या आसपास फिरकायचं नाही. कुजबुजे चष्म्याच्या दुकानात येऊन बसले. थोड्या वेळाने उठले. दारापर्यंत गेले, परत आले. चष्मेवाल्या बाईंनी हे काही वेळ सहन केलं आणि मग त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं. "नाहीतरी बसून काय करताय? एक डोळा झाका आणि वाचा." त्यांनी वरच्या ओळी घडाघडा वाचल्या. सगळ्यात खालच्या ओळीवर अडले. बाईंनी घाई केली नाही. चष्मेवाल्या माणसांना थांबायची सवय असते.

इकडे पडद्यावर त्याच प्राध्यापक बाई होत्या. सोबतचा अधिकारी वेगळा होता. बाईंनी समोरचा कागद बघितला आणि म्हणाल्या, "गेल्या वर्षी आपण भेटलो होतो. तेव्हा तुम्हाला कॅमेरा फिरवायला सांगावं लागलं होतं."

"हो," भाची म्हणाली. "माझे मामा नाटकात प्रॉम्प्टर होते. त्यांनीच माझी तयारी करून घेतली होती, मागे बसून. तुमचा प्रश्न आला आणि मी त्यांच्या आवाजाची वाट बघत बसले. ते घरात नव्हते."

"आणि आज कुठे आहेत?"

"चष्म्याच्या दुकानात. आईने पाठवलंय."

अधिकारी हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी का यायचंय ते विचारलं. भाचीने पहाटेच्या ट्रकची आणि तक्त्याची गोष्ट सांगितली. बाईंनी ऐकून घेतली आणि विचारलं, "समजा त्या मुलाचा तक्ता चुकीचा असता. दिसायला तितकाच चोख, पण निष्कर्ष उलटा. तुमच्या साहेबांनी तोही मानला असता. तुम्ही त्याला कसं थांबवलं असतं?"

हा प्रश्न ना घरी आला होता, ना धक्क्यावर. याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ती थांबली. मान कलली नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या गच्चीत कोणीतरी चादरी वाळत घालत होतं आणि तिने दोन चादरी घालून झालेल्या पाहिल्या. मधे अधिकाऱ्याने तोंड उघडलं, तेव्हा बाईंनी हाताने त्याला थांबवलं, हे तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

"थांबवता आलं नसतं," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा तर नाहीच. तक्ता बघून मी गप्प बसले असते, कारण मला तो वाचता येत नव्हता. आज असते तर बहुतेक एकच विचारलं असतं. ट्रक पोचला तेव्हा दुकानाचं शटर उघडं होतं का, हे यात कुठे आहे? त्यात ते नसतं, तर पुढे काय करायचं ते मला अजून माहीत नाही."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

दार उघडून भाची बाहेर आली तेव्हा ताई दाराला लागूनच उभी होती, हातात पुसायचं फडकं, म्हणजे कोणी विचारलं तर सांगायला काहीतरी. "काय झालं?"

"माहीत नाही. एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही."

"मग?"

"मग नाही आलं असं सांगितलं."

ताईने फडकं खांद्यावर टाकलं. "मामाला फोन कर. नाहीतर त्या बाई त्याला दोन चष्मे विकतील."

त्यानंतर सगळे आपापल्या कामाला लागले. भाची धक्क्यावर, ताई कॅन्टीनमध्ये. कुजबुज्यांनी मागची खुर्ची कायमची समोर आणली आणि जुन्या उमेदवारांपैकी दोघांना, गेल्या वर्षी ज्यांना नकार आला होता त्यांना, पुन्हा या म्हणून फोन केले. एक आला. दुसरा म्हणाला, नको काका, मला आता नोकरीत बरं चाललंय. त्यांनी त्याला आग्रह केला नाही.

निकाल आला तेव्हा भाची लोण्याचा ट्रक भरून घेत होती. खिशात फोन वाजला, तिने निरोप वाचला, फोन परत खिशात ठेवला. लोणी उन्हात ठेवून चालत नाही. ट्रक सुटल्यावर ती आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेली, कारण तिच्या जागेवर दुसरं माणूस शिकवून तयार करायला वेळ लागणार होता. साहेब म्हणाले, "तुझ्या जागी कोणाला घेऊ ते तूच सुचव." मग तिने आईला फोन केला. धक्क्यावर बातमी कशी पोचली कोणास ठाऊक, पण ती बाहेर आली तेव्हा रविवारवाला ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "कंट्रोल, परत याल तेव्हा माझा रविवारचा अर्ज वरच ठेवा."

कुजबुज्यांना ताईचा फोन आला तेव्हा ते खोलीत उमेदवारासमोर बसले होते, तोंडात पाणी.

"ऐकतोयस का?" ताई म्हणाली. "झालं पोरीचं. निवड झाली. यादीत पहिल्याच फेरीत नाव आहे."

पलीकडून काही आवाज आला नाही.

"अरे, आता बोललास तरी चालेल," ताई म्हणाली.

कुजबुज्यांनी पाणी गिळलं. "कधी निघायचंय तिला?"

"जूनच्या आत. बॅग घ्यायचीय, चादरी घ्यायच्यायत, तिथे थंडी असते म्हणे. उद्या दुपारी ये माझ्याबरोबर बाजारात. आणि दुकानदार किंमत सांगून थांबला ना, की तू मधे बोलायचं नाहीस. घासाघीस मी करेन."

"बरं," कुजबुजे म्हणाले आणि समोरच्या उमेदवाराकडे वळले. तो खिडकीबाहेर बघत होता.